अर्थिंगचा अनर्थ

मोटारीत दणदणणाऱ्या वूफरबद्दल माझी तक्रार आवाजाची नाही. बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्याला आरडाओरड्याचं काय? माझी तक्रार हिशेबाची आहे.

भाच्याने साताऱ्यात गाडीला ॲम्प्लिफायर बसवून घेतला. खोक्यावर ठसठशीत अक्षरांत '१००० वॅट'. आठ दिवसांत गाडी कण्हायला लागली. इंजिनाचा वेग वाढला की 'कुंईऽऽ'चा सूरही चढे, आणि बेसचा ठोका पडला की ॲम्प्लिफायर लाल दिवा लावून मौन पाळी. दुकानदार म्हणाला, "मशीन कमी पडतंय, मोठं घ्या." भाचा पैसे मागायला माझ्याकडेच आला!

म्हटलं, "आधी त्याचा फ्यूज बघ." फ्यूज निघाला ३० अँपियरचा. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १४ व्होल्ट. चौदा त्रिक बेचाळीस, म्हणजे ४२० वॅट. त्यातलेही काही उष्णतेत जाणार. खात्यात चारशेवीस शिल्लक आणि चेक हजाराचा! बँकेत असला चेक परत जातो, बाजारात तो खोक्यावर छापतात. २०२४ साली फसवणुकीचं कलम बदललं, पण आकडा अजून खरं बोलतो.

पुढे एका लग्नासाठी ताईला घेऊन आम्ही कऱ्हाड, पेठनाका करत सांगलीला गेलो. तिथल्या एका म्हाताऱ्या वायरिंगवाल्याने मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, दुसरी ॲम्प्लिफायरच्या. गाणं लावलं. प्रत्येक ठोक्याला काटा दोन व्होल्टवर! "अर्धासुद्धा दिसायचा न्हाई सायेब," तो म्हणाला. काळी वायर डिक्कीत चक्क रंगावर स्क्रूने आवळलेली होती. त्याने पॉलिशपेपरने रंग खरवडून पत्रा उघडा केला, वायर घट्ट बसवली. कुंई बंद, लाल दिवा बंद.

यात विज्ञान कमी आणि बी.कॉम. जास्त आहे. लाल वायरने जेवढा करंट जातो, तेवढाच काळीने परत यावा लागतो. नावे तेवढं जमा. वसुलीची वाट अडवून ठेवायची आणि कर्जाची रक्कम वाढवायची, याला धंदा म्हणत नाहीत.

मग त्याने बॉनेट उघडलं आणि त्याचं हसू मावळलं. लाल वायर थेट बॅटरीला जोडलेली, मध्ये फ्यूज नाही. पत्र्याच्या भोकातून, रबराशिवाय, ताईच्या पायाखालून ती मागे गेली होती. "मशीनीतला फ्यूज मशीनीचा. वायरीचा फ्यूज हितं, बॅटरीपाशी, ईतभर अंतरावर लागतोय. ही वायर पत्र्याला घासून उघडी पडली तर पेटंल की हो गाडी!"

म्हणून विकणाऱ्यांना माझं सांगणं आहे: बिलावर वॅट लिहू नका, वायरची जाडी आणि फ्यूजचा आकडा लिहा. घेणाऱ्यांनीही खोकं वाचण्याआधी बॉनेट उघडून बघावं. हजारांच्या मशीनवर उदार व्हायचं आणि फ्यूजच्या चार पैशांत काटकसर करायची, ही कसली बचत?

फ्यूज बसवून आम्ही परत निघालो. भाचा म्हणाला, "मामा, आवाज वाढला की हो!" ताई काही बोलली नाही. साताऱ्यापर्यंत तिने पाय मात्र सीटवरच घेतले होते.