आधी वजाबाकी कोणाची?

विद्यापीठाच्या वर्गात काय शिकविले जाते याकडे आपल्या कार्यकर्त्यांचे लक्ष सहसा जात नाही. फी वाढली की मोर्चा निघतो, इतिहासाच्या पुस्तकातला एखादा धडा गाळला की निषेधाचे पत्रक निघते. पण वाणिज्य शाखेच्या अभ्यासक्रमावर कुणी सभा घेतल्याचे ऐकिवात नाही. हिशेब म्हणजे मुनीमगिरी आणि मुनीमगिरी म्हणजे शेठजींची चाकरी, अशी एक सोयीस्कर समजूत आपण बाळगून आहोत. ही समजूत चुकीची आहे आणि ती कामगार-शेतकऱ्यांना महाग पडत आहे, हे स्पष्ट सांगण्याची वेळ आली आहे.

नाशिकच्या महाविद्यालयांतून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या एम. कॉम.च्या विद्यार्थ्यांना व्यवस्थापकीय लेखाशास्त्र शिकविले जाते. सनदी लेखापाल किंवा परिव्यय लेखापाल होऊ पाहणाऱ्याला त्याच्या पुढची पायरी चढावी लागते. तिचे भारदस्त नाव ‘व्यूहात्मक व्यवस्थापकीय लेखाशास्त्र’. हा शब्दप्रयोग १९८१ साली लंडनमधील प्राध्यापक केनेथ सिमंड्स यांनी रूढ केला. जुना परिव्यय लेखापाल कारखान्याच्या चार भिंतींच्या आत मोजमाप करीत असे : कच्चा माल किती, मजुरी किती, वीज किती, वाया किती गेले. सिमंड्स यांचे म्हणणे असे की, एवढ्याने भागत नाही. प्रतिस्पर्ध्याला तोच माल किती खर्चात पडतो, बाजारातला त्याचा वाटा वाढतो की घटतो, उद्या तो कोणती चाल करील, याचाही हिशेब मांडला पाहिजे. म्हणजे नजर वहीवरून उचलून रणांगणावर लावली पाहिजे.

व्यूह हा शब्द युद्धातला आहे. युद्ध म्हटले की बाजू आली. पण वर्गात हा विषय शिकविताना बाजूचा उच्चार होत नाही. तो निव्वळ तंत्र म्हणून, गणितासारखा निःपक्षपाती म्हणून शिकविला जातो. आक्षेप आहे तो येथे.

एकच वजाबाकी, दोन क्रम

या शास्त्रातील एक पद्धत नमुन्यादाखल घेऊ. जपानी मोटार कारखान्यांतून आलेली ‘लक्ष्य खर्च’ ही ती पद्धत. पूर्वीची रीत अशी होती की, खर्च मोजावा, त्यावर नफा चढवावा आणि भाव ठरवावा. नव्या रीतीने हे उलटे केले. बाजारात भाव किती मिळेल हे आधी पाहावयाचे, त्यातून आपल्याला हवा तो नफा वजा करावयाचा आणि जे उरेल त्यालाच ‘परवडणारा खर्च’ म्हणावयाचे. समजा, एखाद्या वस्तूला शंभर रुपये येणार आहेत आणि कंपनीला पंधरा रुपये नफा हवा आहे. तर खर्च पंच्याऐंशीत बसलाच पाहिजे. बसत नसेल तर तो बसविण्यासाठी आराखडा बदला, सुट्या भागांचे भाव पाडा, माणसे कमी करा.

या पद्धतीत शहाणपण मुळीच नाही असे नव्हे. नासाडी थांबते, आराखड्यातला फाजील पसारा कमी होतो, गिऱ्हाइकाला कशाची गरज आहे याचा विचार होतो. ‘खर्च अधिक नफा’ या जुन्या रीतीत खर्च फुगविणाऱ्यालाच बक्षीस मिळत असे आणि सरकारी कंत्राटांत त्याचा भुर्दंड जनतेने सोसला आहे, हेही मान्य केले पाहिजे. पण या रीतीचे मर्म ध्यानात घ्या. तिच्यात नफा आधी वजा होतो. तो उरलेला राहात नाही. तो पहिला बोजा होतो. उरते ते खर्चाच्या वाट्याला येते आणि ‘खर्च’ या सदरात माणसाची मजुरी असते.

सातपूर-अंबडच्या वसाहतींत हा क्रम रोज पाहावयास मिळतो. मोठा कारखाना छोट्या कारखानदाराला सुट्या भागाचा भाव विचारीत नाही, सांगतो. छोटा कारखानदार त्यातून बँकेचा हप्ता, वीजबिल आणि स्वतःचे जेमतेम काढतो, आणि जे उरते त्यात कंत्राटी कामगार बसवितो. वरच्या मजल्यावर एकदा नफा वजा झाला की त्याचे ओझे जिन्याच्या प्रत्येक पायरीवरून खाली घरंगळत येते आणि अखेरीस ज्याच्या खाली पायरीच नाही त्याच्या डोक्यावर येऊन बसते. वर्गात याला ‘मूल्यसाखळीचे विश्लेषण’ म्हणतात. साखळी कोणाच्या पायात आहे, हा प्रश्न मात्र प्रश्नपत्रिकेत येत नाही.

लासलगावचे लेखाशास्त्र

ही पद्धत जपानातून यावी लागली, हेही खरे नाही. लासलगावच्या कांदा बाजारात ती कोणत्याही विद्यापीठाच्या मदतीवाचून चालत आली आहे. बंदरावर किंवा महानगरातल्या बाजारात कांद्याला काय मिळेल, हे व्यापारी पाहतो. त्यातून वाहतूक, हमाली, निवड, गोणी, सड-घट आणि आपला नफा वजा करतो. उरेल तो आकडा लिलावात बोलतो. शेतकऱ्याची वजाबाकी याच्यानंतर सुरू होते. मिळालेल्या भावातून बी, खत, औषध, मजुरी आणि ट्रॅक्टरचे भाडे तो वजा करतो, आणि पुष्कळदा उत्तर उणे येते. गणित एकच, पण एकजण आपला वाटा पहिल्या ओळीत लिहितो आणि दुसऱ्याचा वाटा शेवटच्या ओळीखाली, जागा उरली तर. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क बसविण्यात आले, त्या डिसेंबरात निर्यातबंदी झाली आणि ती मे २०२४ पर्यंत टिकली. तेव्हा वरून कापलेला प्रत्येक रुपया याच क्रमाने खाली, वावरापर्यंत पोहोचला.

हा क्रम उलटा करण्याची मागणी याच जिल्ह्याने केली होती. नोव्हेंबर १९८० मध्ये ऊस आणि कांद्याच्या भावासाठी नाशिक जिल्ह्यात रस्ते आणि रेल्वे अडविली गेली, ती ‘उत्पादन खर्चावर आधारित भाव’ या घोषणेखाली. शरद जोशींचे बाजारविषयक तत्त्वज्ञान समाजवाद्यांना मान्य होण्यासारखे नव्हते. पण त्यांनी शेतकऱ्याच्या हाती जी गोष्ट दिली ती घोषणेपेक्षा मोठी होती. ती गोष्ट म्हणजे परिव्यय पत्रक. शेतकरी पहिल्यांदाच म्हणाला की, माझा खर्च आधी लिहा.

मग लढाई सुरू झाली ती ‘खर्च’ म्हणजे काय यावर, आणि ती अद्याप संपलेली नाही. केंद्राच्या कृषी मूल्य आयोगाच्या भाषेत ‘ए-२’ म्हणजे खिशातून प्रत्यक्ष गेलेला खर्च. त्यात घरच्या माणसांच्या श्रमांची अंदाजी मजुरी मिळविली की ‘ए-२ अधिक एफएल’ होतो. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरील व्याज धरले की ‘सी-२’ होतो. दीडपट भावाची घोषणा २०१८ च्या अर्थसंकल्पात झाली, पण ती दीडपट ‘ए-२ अधिक एफएल’ची. शेतकरी संघटना मागत होत्या ‘सी-२’ची. कंपनीच्या हिशेबात मालकाच्या भांडवलावर परतावा धरला नाही तर लेखापालाला अडाणी ठरवतील. शेतकऱ्याने तोच परतावा मागितला की तो अवास्तव ठरतो! आणि कांद्याला तर हमीभावाच्या यादीत जागाच नाही. दोन अक्षरे आणि एक आकडा यांच्यात लक्षावधी कुटुंबांचे वर्ष दडलेले असते. याला निव्वळ तंत्र कोण म्हणेल?

पहिला बोजा कोणता?

कामगार चळवळीने ही लढाई कधी काळी उत्तम लढली होती, याचाही आपल्याला विसर पडला आहे. १९५० साली मुंबईच्या गिरण्यांच्या बोनस प्रकरणात श्रमिक अपील न्यायाधिकरणाने एक सूत्र घालून दिले. ढोबळ नफ्यातून आधी घसारा, यंत्रसामग्रीच्या पुनःस्थापनेची तरतूद, कर, भागभांडवलावर ६ टक्के परतावा आणि राखीव निधीवरील परतावा वजा करावा. उरेल त्यातून बोनस. हे सर्व ‘आधीचे बोजे’. कामगार पुन्हा शेवटच्या ओळीत! त्यानंतर पंधरा वर्षे कामगार संघटनांनी या बोज्यांच्या यादीवर कलमामागून कलम भांडून काढले. १९६५ च्या बोनस कायद्याने नफा असो वा नसो, किमान ४ टक्के बोनस दिलाच पाहिजे असे ठरविले. पुढे तो ८.३३ टक्के झाला. त्या कायद्यानेच कंपनीचा तपासलेला ताळेबंद खरा मानावा असे गृहीतही धरले. पण निदान किमान रकमेपुरता क्रम उलटला.

वेतनाचेही तसेच. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनासाठी माणसाची गरज मोजली : तीन जणांचे अन्न, चौघांना वर्षाला ७२ वार कापड, निवारा, इंधन. सर्वोच्च न्यायालयानेही त्याच सुमारास, क्राउन अल्युमिनियमच्या प्रकरणात, किमान वेतन देता येत नसेल तर उद्योग चालविण्याचा हक्क नाही, असे सांगितले. हेही ‘लक्ष्य खर्च’च आहे, फक्त आधी वजा झाले ते जगणे. त्या परिषदेत कामगारांच्या बाजूने बसलेल्या माणसांना आकडे येत होते. आज वेतन कराराच्या टेबलावर व्यवस्थापन स्पर्धकाच्या खर्चाचे तक्ते मांडते, आणि आपल्या मागणीपत्रकात मागच्या करारापेक्षा इतके टक्के जास्त, यापलीकडे दुसरा हिशेब पुष्कळदा नसतो.

हे शास्त्र भांडवलदारांचे आहे, ते शिकून आपणही भांडवलदारांसारखाच विचार करू लागू, असे काही मित्र म्हणतील. त्यांनी धनंजयराव गाडगीळांकडे पाहावे. १९०१ साली याच नाशिकात जन्मलेला हा अर्थशास्त्रज्ञ पुण्यातील संस्थेत ग्रंथ लिहीत बसू शकला असता. पण विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर तो प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचा अध्यक्ष झाला आणि उसाच्या हिशेबात त्याने आपली विद्वत्ता खर्ची घातली. सहकारी कारखान्यात सभासदाचा अंतिम ऊसभाव हा इतर सर्व खर्च भागून उरलेला आकडा असतो. म्हणून तेथे गलथान हिशेबाचा दंड थेट उसाच्या फडात वसूल होतो. नाशिक जिल्ह्यातील पळसे आणि निफाड येथील सहकारी कारखाने पुढे काही वर्षे बंद राहिले. त्याची कारणे अनेक असतील. पण ज्या हजारो सभासदांच्या नावावर ते कारखाने होते, त्यांपैकी किती जणांना ताळेबंद वाचता येत होता? ज्याला आपल्याच संस्थेची वही वाचता येत नाही, त्याची मालकी कागदावरच राहते.

प्राध्यापक मंडळींचा आक्षेप वेगळा असेल : आम्ही तंत्र शिकवितो, त्याचा उपयोग कोणी कोणासाठी करावा हे आम्ही सांगत नाही. वास्तविक ते सांगतात, दररोज सांगतात. उदाहरणातला ‘तुम्ही’ हा नेहमी कंपनीचा व्यवस्थापक असतो. ‘तुम्ही कांदा पिकविणारे आहात, व्यापाऱ्याच्या वजाबाकीचा अंदाज बांधा’ किंवा ‘तुम्ही युनियनचे चिटणीस आहात, मालकाची देण्याची ऐपत काढा’ असे गणित फळ्यावर का येऊ नये? सिमंड्स यांनी प्रतिस्पर्ध्याचा खर्च मोजावयास सांगितले; तीच विद्या टेबलाच्या या बाजूने वापरली तर ती विद्या राहात नाही काय?

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. विद्यापीठाने या विषयात कांदा, ऊस, द्राक्ष आणि कंत्राटी मजुरी यांची येथली उदाहरणे मराठीतून घालावीत. वर्गाबाहेर राहिलेल्यांपर्यंत पोहोचण्यासाठीच १९८९ साली नाशिकात यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ स्थापन झाले; त्याने युनियन कार्यकर्ते, बाजार समितीचे मतदार आणि सहकारी संस्थांचे सभासद यांच्यासाठी ताळेबंद व परिव्यय पत्रक वाचण्याचे शिक्षण हाती घ्यावे. मोठ्या कंपन्यांच्या परिव्यय लेखापरीक्षणाचा अहवाल आज संचालक मंडळाकडे आणि सरकारकडे जातो. तो कामगारांच्या मान्यताप्राप्त प्रतिनिधींनाही पाहता आला पाहिजे. व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग असावा, असे राज्यघटनेचे कलम ४३-क १९७६ पासून सांगत आहे; वही न दाखविता सहभाग कसला?

आणि ही मागणी मान्य होईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. प्रत्येक तालुक्यात चार कार्यकर्त्यांनी मिळून एका संस्थेचा छापील वार्षिक अहवाल घेऊन बसावे : कारखान्याचा, बँकेचा, बाजार समितीचा. पहिल्या ओळीत कोण आहे आणि शेवटच्या ओळीत कोण, एवढेच आधी शोधावे. वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना या बैठकीस बोलवावे; ती आपल्याला घसारा म्हणजे काय ते शिकवतील आणि आपण त्यांना मजुरी म्हणजे काय ते सांगू. पुढच्या वेतन कराराला आणि पुढच्या कांद्याच्या हंगामाला जाताना आपल्या हातात आपली वजाबाकी असली पाहिजे, आणि तिच्या पहिल्या ओळीत घाम गाळणाऱ्याचे जगणे लिहिलेले असले पाहिजे.