‘जमत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

‘आम्हाला नाही हो ते जमत!’ योगासनांचा विषय निघाला की हे वाक्य हमखास कानावर येतं. कुणाचे गुडघे कुरकुरतात, कुणाचं पोट आड येतं, कुणाला खाली बसलं की उठायला आधार लागतो. २०१५ पासून दर वर्षी २१ जूनला योगदिन साजरा होतो. त्या दिवशी घराघरांतून नव्या चटया पसरल्या जातात आणि गणपती येईपर्यंत त्यांतल्या कितीतरी गुंडाळून कपाटामागे जातात. विचारलं तर उत्तर एकच, ‘वेळ कुठे मिळतो?’ पण खरं कारण बहुधा वेगळंच असतं. शेजारची बाई पहिल्याच दिवशी गुडघ्याला कपाळ टेकवते, आपली बोटं घोट्यापर्यंतसुद्धा पोचत नाहीत. मग मन हळूच म्हणतं, ‘हे आपलं काम नव्हे.’

अशा मनाला म्हैसूरची एक गोष्ट सांगावीशी वाटते.

म्हैसूरच्या राजवाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर अग्रहार नावाचा जुना भाग आहे. राजाने विद्वानांना राहण्यासाठी दिलेली वस्ती म्हणजे अग्रहार. दक्षिणेत अशा वस्त्या गावोगाव होत्या, म्हैसुरात ते नाव अजून टिकून आहे. तिथल्या चौकातलं एकशे एक गणपतींचं देऊळ गावात सर्वांना ठाऊक आहे. इथून जवळच जगनमोहन राजवाडा आहे. आज लोक तिथे चित्रांचं संग्रहालय पाहायला जातात. पण १९३३ साली याच राजवाड्याच्या आवारात महाराज कृष्णराज वाडियार यांच्या आश्रयाने एक योगशाळा सुरू झाली होती. शिकवायला होते तिरुमलै कृष्णमाचार्य. विद्वत्ता मोठी आणि शिस्त त्याहून मोठी. शिकायला येत ती राजघराण्यातली, धडधाकट, चपळ मुलं.

१९३४ साली कृष्णमाचार्यांच्या घरी त्यांचा एक मेव्हणा राहायला आला. वय पंधरा. कोलार जिल्ह्यातल्या बेल्लूर गावी १९१८ साली, इन्फ्लुएंझाच्या साथीच्या दिवसांत जन्मलेला. वडील शाळामास्तर, ते मुलाच्या नवव्या वर्षीच वारले. हिवताप, विषमज्वर आणि क्षय अशी दुखणी एकामागून एक येऊन गेलेली. काडीसारखे हातपाय आणि खाली वाकलं तर बोटं जमिनीपासून कितीतरी वर. गुरूंनाही या मुलाकडून फारशी आशा नव्हती. सुरुवातीला घरकामच जास्त वाट्याला आलं. पुढे एका प्रात्यक्षिकाच्या तोंडावर पट्टशिष्य निघून गेला, तेव्हा नाइलाजाने या मेव्हण्याला शिकवावं लागलं. तेही थोड्या दिवसांत, घाईघाईने, धाक दाखवून. शरीराला ते सोसलं नाही आणि दुखापती झाल्या.

हा मुलगा म्हणजे बी. के. एस. अय्यंगार!

१९३७ साली, अठराव्या वर्षी, सहा महिन्यांसाठी म्हणून त्यांना पुण्याला डेक्कन जिमखान्यावर शिकवायला पाठवलं गेलं. मराठी येत नव्हतं, इंग्रजी जेमतेम. शिकायला येणारे बहुतेक जण त्यांच्यापेक्षा वयाने मोठे आणि तब्येतीने दणकट. हातात मोठं शास्त्र नव्हतं, खिशात पैसा नव्हता. मग त्यांनी एकच केलं. रोज तासन्‌तास स्वतःच्या शरीरावर प्रयोग करून पाहिले. हे आसन करताना कुठे ताण येतो, पाय थोडा आत वळवला तर काय होतं, आपल्यासारख्या अवघडलेल्या माणसाला ते कसं जमवता येईल? सहा महिन्यांसाठी आलेला हा माणूस मग कायमचा पुणेकर झाला.

ज्याचं शरीर जन्मतःच लवचीक असतं, त्याला असे प्रश्न पडत नाहीत, कारण त्याला ते आपोआप येतं. अय्यंगारांना आपोआप काहीच आलं नव्हतं, म्हणून इतरांचं अडतं कुठे हे त्यांना कळलं. लाकडी ठोकळे, पट्टे, दोऱ्या, खुर्च्या, घोंगड्या यांचा आधार देऊन आसनं शिकवण्याची त्यांची पद्धत पुढे जगभर गेली, तिचं मूळ या अडचणीतच आहे. १९५२ साली व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन त्यांना भेटले आणि त्यांच्यामुळे परदेशाची दारं उघडली. १९६६ मध्ये इंग्रजीतला त्यांचा मोठा ग्रंथ आला. १९७५ मध्ये दिवंगत पत्नीच्या नावाने पुण्यात त्यांची संस्था उभी राहिली. १९७९ मध्ये, साठीत, स्कूटरच्या अपघाताने शरीर पुन्हा मोडलं आणि त्यांनी साध्या आसनांपासून नव्याने सुरुवात केली. २०१४ साली ते गेले तेव्हा पंचाण्णव वर्षांचे होते.

आता कुणी म्हणेल, ‘पाहा, धाक होता म्हणूनच घडले!’ आपल्याकडे हा समज फार घट्ट आहे. छडी लागे छमछम! पण ही गोष्ट नीट पाहिली तर धाकाच्या दिवसांत दुखापती झाल्या, आणि खरी समज आली ती पुण्यात, एकट्याने, स्वतःच्या शरीराला प्रश्न विचारत असताना. धाकाचा वारसा मात्र सहज उतरतो. अय्यंगार स्वतःही अतिशय कडक शिक्षक म्हणून ओळखले जात. उलट कृष्णमाचार्य. म्हैसूरची योगशाळा १९५० मध्ये बंद पडली आणि पुढे ते मद्रासला गेले. तिथे प्रत्येकाचं वय, प्रकृती, काम पाहून त्याला सोसेल तसा योग शिकवण्यासाठी ते ओळखले जाऊ लागले. शंभर वर्षं जगलेल्या त्या गुरूंनीही योग माणसाच्या मापाचा करून घेतला. मग आपणच आपल्या शरीरावर का डोळे वटारावेत?

नवऱ्याने किंवा सासूने टाकून बोललं तर आपल्याला लागतं. पण आरशासमोर उभं राहून आपण स्वतःला जे ऐकवतो, ते त्याहून बोचरं असतं. ‘किती जाडी झालीस’, ‘तुझ्याने काय होणार’, ‘आता वय झालं’. मुलांनाही आपण तेच ऐकवतो, ‘शेजारचा बघ, कसा पळतो!’ त्या मुलाचे पाय त्यामुळे जोरात पळत नाहीत, ते फक्त मैदानावर जायचे थांबतात.

तेव्हा उद्यापासून सुरुवात करायची असेल तर काही साध्या गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

दहा मिनिटांपासून सुरुवात करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी आठवड्याला निदान १५० मिनिटं झपाझप चालण्याइतका व्यायाम करावा. आकडा ऐकून घाबरू नका. रोज दहा मिनिटं न चुकता करून हळूहळू वेळ वाढवणारा माणूस तिथवर पोचतो. पहिल्याच दिवशी तासभर करणारा तिसऱ्या दिवशी अंग दुखतं म्हणून झोपून राहतो.

आधार घ्यायला लाजू नका. भिंत, पाट, खुर्ची, उशी, जुनी साडी हे सगळं घरात असतंच. पायाचा अंगठा हाती येत नसेल तर तळव्याला ओढणीचा फास घालून ती धरा. मांडी घालता येत नसेल तर घडी केलेल्या चादरीवर बसा, नाहीतर खुर्चीवर बसा. त्यात कमीपणा काहीच नाही.

ताण आणि दुखणं यांतला फरक ओळखा. स्नायू ओढला जातो तो ताण. सांध्यात कळ येणं, मुंग्या येणं, चक्कर येणं, छातीत दुखणं म्हणजे थांबण्याची सूचना. श्वास अडकू लागला तर आपण जास्त पुढे गेलो असं समजून मागे या. शिकवणारा कितीही मोठा असो, ‘पुरे’ म्हणण्याचा हक्क तुमचा आहे. तुमच्या परवानगीशिवाय त्याने अंगाला हात लावू नये, दाबू नये.

पोट भरलेलं असताना आसनं करू नका. जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्या. रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, मणक्याचा त्रास, ठिसूळ हाडं किंवा गर्भारपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. जास्त रक्तदाब किंवा काचबिंदू असणाऱ्यांनी शीर्षासनाच्या वाटेला जाऊ नये. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी ‘आता योग करतो’ म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन सतत खिन्न असेल, झोप उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर नुसत्या आसनांवर भागवू नका. मनाच्या डॉक्टरांकडे जाण्यात काहीच गैर नाही.

शेवटी, तुलना करायचीच तर कालच्या स्वतःशी करा. महिन्यापूर्वी बोटं गुडघ्यापर्यंत जात होती, आज चार बोटं खाली गेली का? मोरीत वाकताना कंबर कमी दुखते का? जिना चढताना मधल्या पायरीवर थांबावं लागत नाही ना? ही आपली परीक्षा आणि हाच आपला निकाल.

‘जमत नाही’ हे वाक्य खोटं नसतं. फक्त ते अपुरं असतं. त्याला एक शब्द जोडा, ‘अजून’. ‘अजून जमत नाही’ म्हटलं की चटई कपाटामागे जात नाही. आणि कुणी सांगावं, जे आपल्याला सहज येत नाही तेच आपण इतरांना सर्वांत चांगलं शिकवू शकू!