लेथ घ्यायचाय? आधी ती एक्सेल शीट बंद करा

गेल्या शनिवारी टीममधला एक मित्र घरी आला. गॅरेजमधला माझा लेथ दहा मिनिटं पाहिला, आणि मग लॅपटॉप उघडून एक एक्सेल शीट दाखवली. पाच मॉडेल, चौदा कॉलम. आरपीएम, मोटरचे वॅट, सेंटरमधलं अंतर, डिजिटल डिस्प्ले आहे की नाही, वॉरंटी. शेवटी वेटेड स्कोअर! "बोल, कुठला घेऊ?"

मी म्हटलं, एकही नको. गडी चिडला. पण काय करणार, पाच वर्षांपूर्वी हुबेहूब अशीच शीट मी केली होती, आणि तिच्यात पहिला आलेला चकचकीत टेबलावरचा लेथ घेतलाही होता. आठव्या महिन्यात हेडस्टॉकमधल्या प्लास्टिकच्या गिअरचे दात गेले. विक्रेता म्हणाला, पार्ट यायला दीड महिना. असो.

मंडळी, आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांची खोड अशी, की जे आकड्यात छापलंय तेवढंच आम्ही खरं मानतो. आता या शीटमधलेच आकडे बघा. वजनाचा कॉलम होता, पण हलक्या मशीनला जास्त गुण! लॅपटॉप घेताना ठीक आहे हो. लेथचं वजन हेच त्याचं भांडवल. चाळीस-पंचेचाळीस किलोच्या लेथवर लोखंडी बारला पार्टिंग टूल लावा, सगळं मशीन थरथरतं आणि जॉबवर लाटा उमटतात. टूल दुप्पट बाहेर काढलं तर आठपट वाकतं, हे सेकंड इयरला परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. लेथने ते परत शिकवलं, फी घेऊन.

सेंटरमधलं अंतर 350 मिलिमीटर. छान. आता त्यात चक बसवा, टेलस्टॉकला ड्रिल चक लावा, त्यात ड्रिल. उरलं किती? निम्मंसुद्धा नाही. आणि 2500 आरपीएमचं कौतुक कशाला? लोखंडावर आटे पाडताना साठ-सत्तर आरपीएम हवेत, आणि नेमक्या तिथेच या छोट्या मोटरचा दम संपतो. जुन्या लेथचा बॅक गिअर वेग कमी करता करता जोर वाढवतो. त्याला डिस्प्ले नसतो, म्हणून शीटमध्ये त्याला गुण नाहीत.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे: जुना, जड लेथ घ्या, आणि तो बघायला एक टर्नर बरोबर न्या. किर्लोस्कर किंवा एचएमटीचा मिळाला तर उत्तमच, पण ते बहुतेक घराच्या मानाने मोठे पडतात. बटाला, लुधियाना, राजकोटचे साडेचार फुटी जास्त दिसतात. त्यांचा दर्जा गावावरून ठरत नाही, समोरच्या त्या एका मशीनवरून ठरतो.

भोसरीत एक छोटं वर्कशॉप बंद होत होतं. मालकांना म्हटलं, सोमवारी सांगतो. शनिवार-रविवार बसून तुलना केली. सोमवारी फोन केला तर लेथ किलोच्या भावाने भंगारात गेलेला. मालक म्हणाले, "तुम्ही विचार करणार म्हणालात, म्हणून शुक्रवारी दुसऱ्या एकाला नाही म्हटलं होतं." त्याची लाज अजून वाटते.

पुढच्या वेळी चिंचवडच्या एका काकांना सोबत घेतलं. तीसएक वर्षं लेथवर काढलेला माणूस. त्यांनी नेमप्लेट बघितलीच नाही. कॅरेज चकजवळ आणून तिची ढिलाई घट्ट केली आणि टेलस्टॉककडे सरकवत नेली. बेड चकजवळ फार झिजला असेल तर ती पुढे जाऊन अडकते. अडकली नाही. मग तीस मिलिमीटरचा बार चकमध्ये पकडला, टेलस्टॉकचा आधार न देता दोन्ही टोकांना हलका कट मारला आणि मायक्रोमीटर लावला. चार शतांश मिलिमीटरचा फरक! मी मनात निघालोच. काका म्हणाले, "थांबा साहेब, लेव्हल आणा." एका पायाखाली कुणीतरी लाकडाची चिप सारली होती. "बेड पिळलाय, झिजला नाही." पाय नीट बसवून पुन्हा कट मारला, फरक एका शतांशावर आला.

हे कुठल्या कॉलममध्ये बसवणार? आणि राग याचा येतो, की गिअरपेक्षा महाग हेडफोन आम्ही डोळे मिटून घेतो, पण अशा माणसाच्या अर्ध्या दिवसाचे पैसे द्यायचे म्हटलं की जिवावर येतं. वर "काका, जरा येऊन बघता का" असं फुकटात विचारतो. पैसे द्या. ते नको म्हणतील, तरी द्या.

"थ्री फेज कुठून आणू?" हा नेहमीचा प्रश्न. मोटर डेल्टात 230 व्होल्टला जोडता येत असेल तर व्हीएफडी लावा, घरच्या सिंगल फेजवर चालते. नेमप्लेट इथे मात्र वाचा. नाहीतर सिंगल फेजची मोटर बसवा, मधे पट्टाच तर आहे. "तिसऱ्या मजल्यावर राहतो" हा आक्षेप मात्र खरा. अर्ध्या टनाच्या आसपासचं धूड गॅलरीत ठेवू नका! तिथे छोटाच घ्या, पितळ-अ‍ॅल्युमिनियमचं काम प्रेमाने करा, आणि लेथइतकेच पैसे चार जबड्यांचा चक, डायल गेज, टूल आणि ग्राइंडरसाठी बाजूला ठेवा. हाही खर्च शीटमध्ये नव्हता.

मित्राचं घर तळमजल्यावर आहे. येत्या शनिवारी दहा वाजता भोसरीत एक लेथ बघायला जातोय, काकांशी बोललोय. त्याला एवढंच कळवलंय, की फुल बाह्यांचा शर्ट घालून येऊ नकोस, आणि चकमध्ये चावी ठेवून बटणाला हात लावलास तर काका तिथूनच परत पाठवतील.