लघवी निसटते? पिशवी काढायची घाई नको

आरोग्य केंद्रात ३० वर्षांवरील बायकांचा बीपी, शुगर तपासतात. तोंड, स्तन, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचीही तपासणी असते. खोकताना, हंडा उचलताना लघवी निसटते का, हा प्रश्न मात्र या पाचांत नाही.

बाईही सांगत नाही. ती लग्नाला जात नाही, एसटी टाळते, पाणी कमी पिते. त्यामुळे लघवी दाट होऊन जळजळ वाढते, संसर्गाचा धोकाही असतो. हळूहळू ती घरातच कोंडली जाते.

बाळंतपणं, जड ओझी, जुना खोकला, बद्धकोष्ठ, पाळी जाणं यामुळे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात. पहिला इलाज बिनपैशाचा आहे. गॅस रोखताना जे स्नायू आवळतो, तेच आवळून धरायचे, मग सोडायचे. एका वेळी ८ दा, दिवसातून ३ वेळा, किमान ३ महिने. पोट, मांड्या ताणायच्या नाहीत, श्वास रोखायचा नाही. एवढ्यानेही अनेकींना फरक पडतो. नाही पडला तर औषध, शस्त्रक्रिया आहेच. लघवीत रक्त, जळजळ असेल किंवा अंग बाहेर येत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

नुसती लघवी निसटते म्हणून गर्भाशयाची पिशवी काढायची गरज नसते. हे सांगायला हवं, कारण बीडमध्ये २०१९ साली सरकारी समितीने सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची माहिती घेतली, तेव्हा १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली.

आशाताईंनी घरभेटीत हा एक प्रश्न विचारायला सुरुवात केली, तरी कितीतरी जणी बोलत्या होतील. त्याला वेगळा निधी लागत नाही.