यादीत नसलेला विद्यार्थी

स्मरणिका हाती आली की बहुतेक वाचक प्रथम मागची पाने उलटतात. तेथे माजी विद्यार्थ्यांची नावे असतात आणि प्रत्येक नावापुढे एक पद असते. कोणी अभियंता, कोणी प्राध्यापक, कोणी तहसीलदार. ज्या घरांत तीन पिढ्यांपूर्वी अक्षरओळख नव्हती त्या घरांतील ही मुले आहेत, त्यामुळे ती यादी वाचताना ऊर भरून येतो आणि तो यावाच. परंतु या यादीत ज्याचे नाव कधीच येत नाही, त्याच्याविषयी आम्हांला येथे लिहावयाचे आहे. नववीत मागे राहिलेला, दहावीत गणित आणि इंग्रजीत अडकलेला आणि एके दिवशी ट्रंक उचलून गावी निघून गेलेला मुलगा. तो फाटकाबाहेर पडला म्हणून वसतिगृहाची त्याच्यावरील जबाबदारी संपत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना २० जुलै १९२४ रोजी झाली आणि ४ जानेवारी १९२५ रोजी सभेने सोलापूर येथे वसतिगृह सुरू केले. तेव्हाचा प्रश्न छपराचा, भाकरीचा आणि रात्री वाचता येईल एवढ्या उजेडाचा होता. आज ताटात दोन वेळचे जेवण आहे, खोलीत वीज आहे, अंगावर गणवेश आहे. तरीही मुलगा गळतोच. त्याची कारणे आता स्वयंपाकघरात सापडणार नाहीत.

बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते. आजच्या भाषेत अडतीस टक्क्यांहूनही किंचित कमी. आजच्या कोणत्याही शाळेच्या दर्शनी फलकावर या गुणांना जागा मिळाली नसती. पण त्या वेळी सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली त्यांच्या अभिनंदनाची सभा भरली आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांच्या हाती ठेवले. पुढे महाविद्यालयीन शिक्षणासाठी सयाजीराव महाराजांचे साहाय्य मिळवून देण्यातही गुरुजीच पुढे होते. परळच्या चाळीतील खोलीत मुलाला अपरात्री अभ्यासाला उठविणारे सुभेदार रामजी तर होतेच. बुद्धिमत्ता बाबासाहेबांची होती, याबद्दल वाद नाही. पण त्या २८२ गुणांच्या पुढे पाहणारी माणसेही भोवती होती. आज जयंतीच्या भाषणात आपण कोलंबियाचा उल्लेख आवर्जून करतो आणि हा आकडा मात्र टाळून पुढे जातो. खरे तर नववीच्या वर्गात तोच प्रथम सांगावयास हवा.

नववीचा उल्लेख आम्ही मुद्दाम करतो. शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षण चौदा वर्षांपर्यंत, म्हणजे साधारणपणे आठवीपर्यंत आहे. तोवर वाचनातील आणि गणितातील कच्चेपणा झाकला जातो आणि नववीत तो एकदम उघडा पडतो. शिवाय शाळेला दहावीचा निकाल शंभर टक्के हवा असतो. मग अनेक ठिकाणी काय होते हे शिक्षणक्षेत्रातील प्रत्येकाला ठाऊक आहे. कच्चा मुलगा नववीतच थांबविला जातो किंवा त्याच्या वडिलांना सतरा नंबरचा फॉर्म भरण्याचा सल्ला मिळतो. फलकावर शंभर टक्के झळकतात. ज्याला वगळून हे शंभर टक्के झाले त्याची नोंद कोठेही राहत नाही.

पालक निकाल पाहूनच शाळा निवडतात आणि संस्थाचालकांवर त्याचे दडपण असते, हे आम्ही नाकारीत नाही. पण निवासी शाळेत आई-बाप मूल सोपवून जातात, नुसता प्रवेश घेऊन जात नाहीत.

असा मुलगा गावी परतला की त्याच्यापुढे फार वाटा नसतात. कारखान्याचा हंगाम असेल तर तो ऊसतोडीच्या टोळीबरोबर जातो, नाही तर औद्योगिक वसाहतीत कंत्राटदाराकडे लागतो. ‘मुलगा आहे, कमावून खाईल’ असे म्हणून घर स्वतःची समजूत घालते. मुलगी शाळेतून काढली तर निदान हळहळ व्यक्त होते. मुलगा सुटला तर ते वयात आल्याचे लक्षण मानले जाते! अपयश, भीती, एकटेपणा यांविषयी त्याने बोलावे अशी कोणाची अपेक्षाच नसते. लहानपणी ‘पोरीसारखा रडतोस काय’ हे एकदा ऐकले की पुढे तो काहीच सांगत नाही. गृहपालांना दिसतो तो केवळ उद्धट झालेला, रात्री उशिरापर्यंत मोबाइल पाहणारा, प्रार्थनेला न येणारा मुलगा. शिस्तभंगाची नोंद होते आणि दुःख नोंदीबाहेर राहते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ व्यक्तींनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी १,२२,७२४ पुरुष होते. एकूण संख्येत चौथ्या हिश्श्याहून अधिक रोजंदारीवर जगणारे होते आणि १३,०४४ विद्यार्थी होते. राज्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वाधिक होता. प्रत्येक घटनेमागे अनेक कारणे गुंतलेली असतात, म्हणून यातून घाईने निष्कर्ष काढू नयेत. पण मुलगे आपोआप सावरतात, हा समज तरी या आकड्यांपुढे टिकत नाही.

चूळपंथकाची कथा आपल्या सर्वांना परिचित आहे. चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना, म्हणून थोरल्या भावाने, महापंथकाने, त्याला विहार सोडून जाण्यास सांगितले. भगवंतांनी त्याला दाराशीच थांबविले आणि हाती पांढरे वस्त्र देऊन ते चोळीत बसण्यास सांगितले. वस्त्र मळत गेले तसे त्याला अनित्यतेचे आकलन झाले. या कथेकडे आपण चमत्कार म्हणून पाहतो. आम्हांला तीत शिक्षक दिसतो. शिष्य तोच होता, शिकविण्याची रीत बदलली.

आमची सूचना साधी आहे. नववीतील कोणत्याही मुलाला काढण्याचा निर्णय एकट्या मुख्याध्यापकांनी घेऊ नये. त्यात गृहपाल, पालक आणि एक माजी विद्यार्थी असावा. दहावीत राहिलेल्यांसाठी २०१५ पासून निकालानंतर लगेच फेरपरीक्षा होते, तोवर वसतिगृहाची एक खोली आणि स्वयंपाकघर सुरू राहावे. एकदोन विषय राहिले तरी एटीकेटीने अकरावीला जाता येते आणि आयटीआयची वाटही असते, हे कित्येक पालकांना कोणी सांगितलेलेच नसते. टेलि मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक मुलांच्या खोल्यांत लिहिलेला असावा, कार्यालयात नव्हे. आणि गृहपालांकडून एवढे सारे अपेक्षिताना त्यांच्यावर सोपविलेल्या मुलांची संख्या आणि त्यांचे वेतन यांचाही विचार व्हावा. थकलेला माणूस कोणाचे ऐकून घेऊ शकत नाही.

खर्च फार नाही. दोन महिन्यांचे धान्य आणि दोन विषयांचे शिक्षक एवढाच तो आहे, आणि माजी विद्यार्थ्यांनी मनावर घेतले तर संस्थेला वेगळी देणगी मागावी लागणार नाही. माणसे मात्र हवीत. निकालाच्या आठवड्यात त्या मुलाच्या घरी कोणी तरी गेले पाहिजे आणि ते त्याच तालुक्यातले, शक्यतो स्वतः कधी नापास झालेले असेल तर उत्तम. कोणाकडे जावयाचे हे शोधणे कठीण नाही. कार्यालयातील पाचवीच्या प्रवेशाचे रजिस्टर आणि पाच वर्षांनंतरचे दहावीचे निकालपत्रक शेजारी ठेवावे. जी नावे पहिल्यात आहेत आणि दुसऱ्यात नाहीत, ती या मेळाव्यातच तालुकावार वाटून घ्यावीत.