छपरावरून दिसणारे नॉर्वे

ऑस्लोत उतरलेल्या पाहुण्याला प्रथम जाणवते ती शांतता. भोंगे क्वचितच वाजतात. अनोळखी माणसे एकमेकांशी बोलत नाहीत. हा समाज एकलकोंडा असावा, असा ग्रह होतो. फियॉर्डकाठच्या ऑपेरागृहापाशी मात्र तो डळमळतो. २००८ साली खुल्या झालेल्या या वास्तूचे शुभ्र संगमरवरी छप्पर थेट पाण्यापर्यंत उतरते आणि त्यावर कोणीही विनातिकीट चढू शकतो. संगीत येथे मूठभरांची मिरास नाही. मुलांसाठी संगीत व कलाशिक्षणाची सोय करणे १९९७ पासून प्रत्येक नगरपालिकेवर कायद्याने बंधनकारक आहे. ग्रामीण हार्डँगर फिडलच्या धुना एडवर्ड ग्रीगने (१८४३-१९०७) पियानोवर आणल्या, तो वारसा म्हणूनच केवळ संग्रहालयात उरला नाही. परंपरा निव्वळ अभिमानाने टिकत नाही. पुढच्या पिढीच्या हाती वाद्य द्यावे लागते.