फॉरवर्ड केले, पुढे काय?

२५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन आणि तिथला बुद्धभूषण प्रेस पाडण्यात आला. ढिगाऱ्याचे फोटो मोबाईलवरून राज्यभर फिरले. पण सरकारला दखल घ्यावी लागली ती १९ जुलैला भायखळ्याहून निघालेल्या मोर्चाची. मोबाईलने बातमी दिली, ताकद दाखवली ती रस्त्यावर उतरलेल्या माणसांनी.

आज आपला बराचसा संघर्ष स्टेटसवरच संपतो. अत्याचाराची बातमी आली की दोन दिवस संतापाच्या पोस्ट, तिसऱ्या दिवशी नवा विषय. पीडित कुटुंबासोबत पोलीस ठाण्यात कोण गेले, कोर्टाच्या तारखेला कोण थांबले, हे कुणी विचारत नाही. पोस्टला लाइक लगेच मिळतात. बैठक, वर्गणी, अर्ज, पाठपुरावा यांना मिळत नाहीत. म्हणून बोलणारे वाढतात आणि विहारातल्या बैठकीला तेच चार चेहरे दिसतात.

बाबासाहेबांनी माध्यमाची ताकद ओळखली होती. १९२० मध्ये त्यांनी ‘मूकनायक’ काढले. पण ते वृत्तपत्रावर थांबले नाहीत. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिचे कार्यालय परळच्या दामोदर हॉलमध्ये होते. पुढच्याच वर्षी सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. लेखणीच्या मागे संघटना उभी होती.

मित्रांनो, मोबाईल सोडू नका. पण पुढची पोस्ट टाकताना तिच्यात ठिकाण, वेळ आणि काम लिहा. आणि त्या वेळेला तिथे स्वतः हजर राहा.

जय भीम!